अळू वाळलं तेव्हाच मला कळलं होतं

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा भिंतीशी या. नाही नाही, त्या बाजूला नको, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे. इथे, शेवग्याखाली. आणि नळ चालू राहू द्या तुमचा, तेवढाच आवाजाला आडोसा.

शेजारच्या बर्फाचा उलगडा झाला बाई एकदाचा! हो, तोच, मागच्या पत्र्याच्या शेडमधल्या वॉक-इन फ्रीजरचा. दीड महिना घरादाराची झोप उडवली होती त्याने. आणि कोणामुळे झालं ते काल सगळ्यांच्या देखत निघालं. काय एकेकाचे चेहरे झाले होते… मी होते ना तिथे. मुद्दाम नव्हते गेले हं. विरजण मागायला गेले होते. आता विरजण मिळायला दीड तास लागला, त्याला मी काय करणार?

तुम्हाला सगळं माहीतच आहे म्हणा. दिवाळीनंतर घातली त्यांनी ती खोली. दहा बाय बाराची, चार इंच जाडीची पफची पॅनलं. पुण्याहून ट्रक आला तेव्हा अर्धी पेठ बघायला जमली होती, मोठ्या बाई दारात हळदकुंकू घेऊन उभ्या. आधीचे दोन डीप फ्रीजर पुरेनात ना. कुल्फी, आइस्क्रीम, पनीर, सगळंच वाढलं. दुधाला काय, आपल्या श्रीरामपूर-राहाता पट्ट्यात तोटा नाही. थोरल्या भाऊजींनी पहिल्याच दिवशी कानटोपी घालून आत सेल्फी काढला आणि 'बेलापुरात काश्मीर' म्हणून गावभर पाठवला. मायनस 20! आमच्या ह्यांनाही आला होता.

लग्नसराई सगळी झकास पार पडली. आणि मग मृग लागला. आपल्याकडे मृग लागतो तो पंचांगात. पाऊस तिकडे भंडारदऱ्याला, आपल्याकडे कालव्यातून येईल तेव्हा येईल. इथे नुसते ढग आणि घाम. कपडे वाळेनात, पापड सादळले. आणि नेमकं तेव्हाच त्या खोलीत बर्फ धरायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, फ्रीजरमध्ये बर्फ होणारच की. मीही तेच म्हणाले होते. पण तसं नसतं म्हणे. बर्फ डब्यांत व्हायला हवा, खोलीला नाही. आधी आतल्या युनिटच्या जाळीवर पांढरी लव आली, आपल्या ब्लँकेटवर असते तशी. मग ती कॉइल, म्हणजे ज्यातून गार वारा येतो ते पत्र्याच्या पातळ पात्यांचं यंत्र, ते पांढरं फटक झालं. मग पंखा बर्फाला घासून खर्र खर्र करायला लागला. रात्री बाराला आमच्या खोलीत ऐकू यायचं. हे म्हणाले, उंदीर. मी म्हटलं, उंदीर नाही, काश्मीर आहे ते.

आणि गंमत बघा, बर्फ वाढला की खोली जास्त गार व्हायला हवी, हो की नाही? उलट! मायनस 20 वरून मायनस 9 वर आली. कॉइलवर बर्फ म्हणजे कॉइलला गोधडी. गारवा गोधडीच्या आत, कुल्फी बाहेर. मशीन बिचारं दिवसभर धापा टाकतंय आणि कुल्फी हाताला मऊ लागतेय. त्यात दार उघडेना. दोघांनी ओढलं तरी आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. कामावरची पोरं म्हणायला लागली, आत भूत आहे. एकाने तर दाराला लिंबू-मिरची बांधली. मोठ्या बाईंनी हलवू दिली नाही ती, अजून आहे.

मग काय, खापर फोडायला डोकं हवंच. फुटलं धाकट्या सुनेच्या डोक्यावर.

अहो, रोज! सकाळी उठलं की मोठ्या बाई अंगणातून, "दार नीट लावत नाहीत काही जण." 'काही जण' म्हणायचं आणि बघायचं धाकटीकडे. बीएस्सी झालीय ना ती, माहेर संगमनेरचं, हिशेबाला चोख. तेच खुपतं थोडं. एकदा तर माझ्यासमोर म्हणाल्या, शिकलेल्यांना कडी लावायला शिकवत नाहीत का कॉलेजात? मी आपली पदराचा धागा काढत बसले. पोरीचं तोंड एवढंसं झालं, पण बोलली नाही हो काही. फक्त एक वही काढली. त्या वहीचं सांगते पुढे.

तर काय सांगत होते… हां, पहिला मेकॅनिक. नाव नाही घेत, गावाचंही नाही घेत, उगाच कशाला. बुलेटवरून आला, गॉगल कपाळावर, आत डोकावला न डोकावला आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय." झालं! गॅस भरला, पैसे घेतले, चहा घेतला, कुल्फीही घेतली, गेला. त्या दिवशी सगळा बर्फ वितळवून मशीन सुरू केलं म्हणून चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी पुन्हा लव. पुन्हा खर्र खर्र. फोन केला तर साहेब म्हणतात, तुमच्या खोलीलाच प्रॉब्लेम आहे.

त्यातच निवृत्तिनाथांची पालखी आली. आपल्याकडे मुक्काम, गर्दी किती ते तुम्हाला सांगायला नको. दार दिवसभर उघड-मीट, उघड-मीट. पोरांनी तर दाराला दुधाचा क्रेटच लावून ठेवला उघडं राहावं म्हणून. दमट हवा वाफेसारखी आत शिरताना दिसायची, खरंच दिसायची, धुकं नुसतं! गार हवा जड, ती खालून पायांवरून बाहेर, आणि बाहेरची गरम दमट हवा वरून आत. ती आत गेली की तिच्यातलं पाणी जिथे गार मिळेल तिथे जाऊन बसणार. हे मला तेव्हा कुठे कळत होतं! काल कळलं.

पालखी पुढे गेली आणि दुसऱ्याच दिवशी थोरल्या भाऊजींच्या अंगात आलं. छिन्नी-हातोडी घेतली, आत शिरले. "बर्फच आहे ना? फोडून काढतो." धाकटी म्हणाली हो, मी या कानांनी ऐकलं, "दादा, मशीन बंद करून साधं पाणी मारू, छिन्नी नको, आत तांब्याच्या नळ्या आहेत." दादा कसले ऐकतात! ठक ठक ठक… आणि मग फुस्स्स. अहो, प्रेशर कुकरची शिट्टी निसटावी तसं. गेला! नुकता भरलेला सगळा गॅस हवेत. भाऊजी बाहेर आले ते छिन्नी पाठीमागे लपवून. आता खोली दहा बाय बाराची, लपवून लपवणार काय?

मग जी धावपळ! आइस्क्रीमचे डबे कुठे ठेवायचे? आमच्या फ्रीजमध्ये सहा, मास्तरांकडे चार, मेडिकलवाल्याकडे दोन, त्याने म्हणे लसींच्या फ्रीजला हात लावू दिला नाही, घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. घरच्या फ्रीजला कुठलं मायनस 18 झेपतंय. संध्याकाळपर्यंत सगळ्याची बासुंदी. धाकटीने स्पष्ट सांगितलं, एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून विकायचं नाही. एक तर रवाळ होतं, बर्फाची कणी दाताखाली येते. आणि वितळलेलं किती वेळ कोमट राहिलं कोणास ठाऊक, पोटं बिघडायची. तर मग वाटून टाकलं. आख्ख्या आळीने त्या रात्री आइस्क्रीम खाल्लं, वाट्यांनी, पेल्यांनी. तुमच्याकडे मँगो आलं होतं ना? आम्हाला बटरस्कॉच. दुसऱ्या दिवशी आळी शिंकतेय.

मास्तर त्यावरून एक सांगत होते, ते मला फार आवडलं. म्हणे 1834 साली मुंबईत त्या जमशेटजी जीजीभॉयांनी जेवणावळीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना पडसं झालं. 'मुंबई समाचार'ने ते छापलं सुद्धा, परदेशी थेरं केली त्याची ही शिक्षा म्हणून! बर्फ तेव्हा अमेरिकेतून जहाजाने यायचा. त्याच्या आदल्या साली बोस्टनहून कलकत्त्याला पहिलं जहाज आलं, निघताना 180 टन, चार महिन्यांनी पोचताना 100 टनांच्या आसपास उरलेला. वाटेत जवळजवळ निम्मा पाणी झाला! म्हटलं मास्तर, हे भाऊजींना सांगा, त्यांना बरं वाटेल. त्यांचा एका संध्याकाळी झाला.

तर काय सांगत होते… कॉइलला झाळलं, म्हणजे ब्रेझिंग का काय ते. नायट्रोजन भरून लीक तपासला, पंप लावून आतली हवा-ओलावा ओढून काढला, पुन्हा गॅस. दुसरा मेकॅनिक हा, काम नीट केलं त्याने. पण त्याला सांगितलंच होतं फक्त भोक बुजव म्हणून. त्याने भोक बुजवलं. आणि आठ दिवसांत… बरोबर. पुन्हा लव.

आता मोठ्या बाई धाकटीशी बोलेनाशाच झाल्या. थोरल्या जाऊबाई मधल्या मध्ये. आणि धाकट्या भाऊजींचं तर… जाऊ दे, नवरा-बायकोचं आपण कशाला.

शेवटी धाकटीच्या वडिलांनी एक म्हातारे मेकॅनिक धाडले, राहुरीकडचे. जन्म दूध डेअरीच्या चिलिंग मशीनवर गेलेला. एसटीने आले बिचारे, खांद्याला रेक्झिनची पिशवी. मोठ्या बाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं. माहेरचा माणूस ना! मी नेमकी तेव्हाच पोचले. विरजण मागायला.

ते आत गेलेच नाहीत हो आधी. क्रेट पालथा घातला, त्यावर बसले आणि म्हणाले, "बर्फ कुठे धरतो ते सांगा."

थोरले भाऊजी म्हणाले, "सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठे? बर्फ बोलतो, साहेब. दाराजवळ छताला धरला तर दारातून हवा येतेय. ट्रे भरून खाली लादी झाली तर पाणी जायची वाट बंद. कॉइलच्या एकाच कोपऱ्यात, गॅस शिरतो तिथेच धरला आणि बाकीची कॉइल उघडी राहिली, तर गॅस कमी. आणि सगळ्या कॉइलवर सारखा, शाल पांघरल्यासारखा धरला तर…"

"शाल," धाकटी म्हणाली. आणि वही पुढे केली.

अहो, काय ती वही! रोज सकाळ-दुपार-रात्र टेंपरेचर. बर्फ कुठे, किती बोटं. लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली. दार कितीदा उघडलं, कोणी उघडलं. आणि त्या कोणी-कोणीमध्ये तिचं स्वतःचं नाव सगळ्यात कमी हो! म्हाताऱ्यांनी चष्मा लावून दहा मिनिटं ती वही वाचली, पोथी वाचावी तशी. कोणी हू की चू नाही. मग म्हणाले, "पहिल्या पोराने गॅस कशाला भरला? शालीचा बर्फ गॅस कमी असल्यावर धरत नाही." थोरल्या भाऊजींनी मान खाली घातली. पैसे त्यांनीच मोजले होते.

मग म्हातारे विचारतात, "डिफ्रॉस्टचं पाणी बाहेर किती पडतं?"

सगळे एकमेकांकडे बघतात. कोणाला माहीत! आणि वहिनी, तिथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, मे संपत आल्यापासून थेंब नाही."

मोठ्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुला गं काय माहीत?"

आता मला नाही तर कोणाला माहीत असणार? त्या खोलीचा पाइप आमच्या भिंतीशी येतो, पत्र्याखाली. तिथे अळू लावलं होतं मी. म्हणजे भिंतीच्या त्यांच्या बाजूला, पण लावलं मी. पाऊस तिथे पोचत नाही, वरून पत्रा आहे. ते सगळं अळू जगायचं त्या पाइपाच्या पाण्यावर. काय पानं होती, परातीएवढी! हिवाळाभर वड्या केल्या, तुम्हालाही दिल्या होत्या. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांत माना टाकल्या त्याने. मी ह्यांना म्हटलं सुद्धा, शेजाऱ्यांचं पाणी बंद झालंय. हे म्हणाले, तुला काय करायचंय. नाही म्हणजे, तेव्हाच कोणी मला विचारलं असतं तर…

म्हातारे उठलेच. "बाई बरोबर बोलल्या," म्हणाले. माझ्याबद्दल हं. सगळ्यांसमोर. मग समजावून सांगितलं त्यांनी. फ्रीजरच्या कॉइलवर थोडा बर्फ धरणारच, हवेतलं पाणी कुठे तरी बसणारच. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा मशीन आपोआप थांबतं, पंखे थांबतात, आणि कॉइलपाशी हीटर लागतात. वीस-पंचवीस मिनिटं. लव वितळते, ट्रेमध्ये पडते, पाइपाने बाहेर जाते. मग मशीन सुरू होतं, पण पंखे लगेच नाही. आधी कॉइल गार होऊ द्यायची, राहिलेले थेंब तिथेच गोठू द्यायचे, मग पंखे. नाहीतर पंखा ते थेंब छताला उडवतो आणि छताला सुया लोंबतात.

"म्हणजे फ्रीजरमध्ये हीटर?" थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. मलाही तेच विचारायचं होतं.

"हीटर नाही तर फ्रीजर नाही," म्हातारे म्हणाले आणि गेले बोर्डाकडे. बोर्ड शेडच्या बाहेर, तुळशीपासून दोन हातांवर. उघडला. सहा एमसीबी ओळीत. पाच वर, एक खाली. खाली असलेल्यावर धाकट्या भाऊजींच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली, 'हीटर'.

"हा कोणी पाडला?"

शांतता. अशी शांतता की कॉम्प्रेसरसुद्धा ऐकतोय वाटावं. थोरले धाकट्यांकडे, धाकटे पोरांकडे, पोरं लिंबू-मिरचीकडे. आणि मोठ्या बाई… काय सांगू तुम्हाला… मोठ्या बाई अगदी अभिमानाने म्हणाल्या, "मी. मीच बंद केला. मेचं लाइट बिल बघितलंत का? पाच आकडी! म्हटलं बघावं तरी काय काय चालू राहतं ते. तर हा हीटर! भर उन्हाळ्यात! कोणीतरी आंघोळीचा चालू ठेवलाय म्हटलं आणि टाकला पाडून. मला वाटलं हिनेच…"

आणि मग थांबल्या. वाक्य अर्धंच राहिलं. हळूहळू कळत गेलं ना त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. आधी भुवया खाली आल्या, मग ओठ, मग पदर डोक्यावर. धाकटीकडे बघेनात. धाकटी वहीकडे बघत होती. मी दुधाच्या भांड्याकडे बघत होते, पण दिसत होतं मला सगळं.

मेमध्ये हवा कोरडी, त्यामुळे थोडे दिवस निभावलं. मृगाचा दमटपणा आला आणि कॉइलने सगळं पाणी अंगावर घेतलं, वितळवणारं कोणी नाही. वेळ झाली की मशीन अर्धा तास गप्प बसायचं, पण हीटरच नाही तर वितळणार काय? सगळ्यांना वाटायचं मशीन दमलंय.

थांबा, एवढ्यावर नाही संपत. थोरल्या भाऊजींना जरा चेव आला, म्हणाले, "आईला काय कळतं…" तर म्हातारे म्हणतात, "साहेब, दारावरचं हे भोक कोणी बुजवलं?"

दाराच्या वर पॅनलला एक छोटी झडप असते. दार लावलं की आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते, आत ओढ तयार होते, म्हणून दार लगेच पुन्हा उघडत नाही. ती झडप बाहेरची थोडी हवा आत घेते आणि ओढ मोडते. तिलाही बारीक हीटर असतो, गोठू नये म्हणून. ती कोणीतरी एम-सील लावून गच्च बुजवलेली! मग खोली हवा ओढणार कुठून? दाराच्या रबरातून, पाइपातून, जिथून फट मिळेल तिथून. आणि ओढलेल्या हवेबरोबर पाणी. एम-सील कोणाचं? "थंडी बाहेर जात होती," एवढंच म्हणाले भाऊजी. भूत सापडलं तुमचं.

मग रबर. म्हाताऱ्यांनी दहाची नोट मागितली, दारात धरून दार लावलं आणि ओढली. वरच्या बाजूला घट्ट बसली, खाली बिजागरीकडे सुळकन निघाली. चार ठिकाणी तसंच. पोरं क्रेट लावून दार उघडं ठेवायची ना, तिथलंच रबर दबून चिरलेलं. पोरांचे चेहरे. नोट मात्र म्हाताऱ्यांनी परत केली.

पाइपाला बाहेर वाकडा ट्रॅप नव्हता, बेसिनखाली असतो ना, पाणी धरून ठेवणारा, तसा. तो नसला की त्याच पाइपातून उलटी दमट हवा आत. बसवणाऱ्यांनी बसवलाच नव्हता. आतल्या पाइपावरची हीटरची वायर ठीक निघाली, ती वेगळ्या स्विचवर होती आणि त्यावर चिठ्ठी नव्हती, म्हणून वाचली!

आणि टायमर! तो जुन्या चकतीचा. लाइट गेली की तोही थांबतो, आणि आपल्याकडे लाइट काय, जात-येत असते. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे चार, टायमरमध्ये सकाळचे साडेनऊ. म्हणजे हीटर चालू असता तरी पहाटेचं डिफ्रॉस्ट भर दुकानदारीच्या वेळी झालं असतं. वहीत लाइट जायच्या वेळा होत्या, म्हाताऱ्यांनी बोटांवर बेरीज केली आणि तंतोतंत तेवढाच फरक आला. धाकट्या भाऊजींनी बायकोकडे असं बघितलं ना तेव्हा… जाऊ दे, म्हटलं ना नवरा-बायकोचं आपण कशाला. पण बघितलं.

काम मग झटपट झालं. माल बर्फाच्या पेट्यांत, मशीन बंद, दार सताड उघडं, टेबल फॅन आणि साध्या पाण्याची नळी. छिन्नी म्हाताऱ्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकली, बोलले काही नाहीत. तीन तासांत कॉइल लख्ख. एमसीबी वर केला, क्लॅम्प मीटर लावला, तर तीनपैकी एक हीटर करंटच घेईना. तो बदलायचा. बॅटरीचा डिजिटल टायमर लावायचा. झडप मोकळी केली, ट्रॅप लावला. रबर तेवढं पुण्याहून मागवलंय.

मागवलंय म्हणजे… हे ऐका. कुरियरवाल्याने पत्ता वाचला 'बेलापूर' आणि पार्सल गेलं नवी मुंबईला! तिथल्या ऑफिसातून फोन, की मॅडम, सेक्टर कुठला? धाकटी म्हणाली, सेक्टर नाही हो, प्रवरेकाठचं बेलापूर. तो म्हणे, स्टेशनजवळ का? आता काय सांगणार! आपलं बेलापूर स्टेशनही श्रीरामपुरात. पाटीवर गाव आपलं, गाडी उतरवते दुसऱ्याच गावात. रबर अजून हिंडतंय कुठेतरी. तोवर दाराला आतून पट्ट्यांचा पडदा लावलाय आणि क्रेट ठेवणाऱ्याचा पगार कापणार म्हणून मोठ्या बाईंनी स्वतः जाहीर केलंय. दाराशी खुर्ची टाकून बसल्यात, सकाळपासून.

नाही, माफी-बिफी काही मागितली नाही हो. मोठ्या बाई त्या! पण रात्री जेवताना म्हणे धाकटीला स्वतःच्या हाताने वाढलं, आणि पोळीवर तूप दोनदा. थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं मला, भांडी घासताना. आणि आज सकाळी ती 'हीटर'ची चिठ्ठी काढून नवी लावलीय. धाकटीच्या अक्षरात. 'हात लावू नये.' खाली मोठ्या बाईंची सही घेतलीय म्हणतात, पण ते मी बघितलेलं नाही, ऐकीव आहे.

मायनस 19 वर आलीय खोली. आणि अळवाला, बघा ना इथून, त्या कोपऱ्यात, एक कोंब… दिसला? आठ दिवसांत पानं धरतील. वड्या केल्या की तुम्हाला…

अगं बाई. खिडकीत मोठ्या बाई. केव्हापासून उभ्यात?

"हो हो, आले! काय म्हणता? विरजण? अय्या, तुमच्याच ओट्यावर राहिलं होय काल!"